बेघर स्त्री-पुरुषांच्या आरोग्यविषयक गरजा

प्रास्ताविक

'बेघर' हा शब्द उच्चारताच मुंबई-नागपूरचे पदपथ डोळ्यांपुढे येतात. मात्र २०११ च्या जनगणनेत देशात नोंदलेल्या सुमारे १७.७ लाख बेघर व्यक्तींपैकी ८.३ लाखांहून अधिक व्यक्ती ग्रामीण भागातील होत्या. रस्त्याकडेला, पुलाखाली, रेल्वे फलाटावर किंवा देवळाच्या उघड्या मंडपात राहणाऱ्यांना जनगणना बेघर मानते. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी बसस्थानकाच्या आडोशाला राहणारी व्यक्तीही या व्याख्येत येते. अशा व्यक्तींच्या आरोग्यविषयक गरजा कोणत्या, हे आता आपण पाहू.

परिसर आणि आरोग्य

घराचे पहिले कार्य संरक्षणाचे असते. चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळी तापमान ४५ अंशांपलीकडे जाते. तेव्हा सावली आणि पाणी या वैद्यकीय गरजाच ठरतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यास मण्यार सापाचा धोका असतो. हा साप बहुधा रात्री, झोपेतच दंश करतो. दंशाची वेदना अत्यल्प असल्याने तो अनेकदा लक्षात येत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात आणि श्वास मंदावतो. जमिनीपासून उंचावरील खाट आणि मच्छरदाणी ही साधने सर्पदंश व हिवताप या दोहोंपासून बचाव करतात. बेघरांना नेमकी तीच दुर्लभ असतात.

स्त्रिया आणि पुरुष : गरजांतील भेद

सुरक्षित शौचालय नसल्याने अनेक स्त्रिया पाणी कमी पितात व लघवी रोखून धरतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. कडक उन्हाळ्यात हीच सवय जिवावर बेतू शकते. मासिक पाळीतील स्वच्छता, गरोदरपणातील तपासणी आणि लैंगिक अत्याचारापासून संरक्षण या त्यांच्या अन्य निकडीच्या गरजा होत. पुरुषांमध्ये मजुरीतील दुखापती, क्षयरोग आणि व्यसनाधीनता यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. दिवसाची मजुरी बुडेल म्हणून ते उपचार लांबवतात. मानसिक आजार मात्र दोघांनाही ग्रासतो. तो बेघरपणाचे कारणही असतो आणि परिणामही.

पत्ता नसलेला रुग्ण

आपली प्राथमिक आरोग्यसेवा गृहभेटीवर उभी आहे. आशा सेविका घरोघरी जाते. क्षयरोगाचा किमान सहा महिन्यांचा औषधोपचार पत्त्याच्या आधारे तपासला जातो. ज्याला दारच नाही, त्याच्यापर्यंत ही व्यवस्था पोहोचत नाही. चिमूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. तथापि उपचारानंतर रुग्णाने विश्रांती कोठे घ्यावी, औषधे कोठे ठेवावीत, हे प्रश्न उरतातच. म्हणून निवारा हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

कायदेशीर आधार

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार निराधार व बेघर मनोरुग्णांस मोफत उपचारांचा हक्क आहे. भटकणाऱ्या मनोरुग्णास पोलिसांनी संरक्षण द्यावे, कोठडीत न ठेवता २४ तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे, असे हा कायदा सांगतो. कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे डॉ. भरत वाटवानी यांनी रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना कुटुंबात परत पोहोचवले. २०१८ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पत्ता हरवलेल्या माणसालाही उपचारातून तो पुन्हा सापडू शकतो, हे या कार्याने दाखवून दिले.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. निवारा हा उपचाराचा भाग का मानावा?
२. बेघर स्त्री व पुरुष यांच्या आरोग्यविषयक गरजांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
३. आपल्या गावात रात्री उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी पाणी, शौचालय व दवाखाना किती अंतरावर आहे, याची नोंद करा.