हातोडी, श्वास आणि माईक

पियानोचा स्वर जन्माला येतो त्याच क्षणी ओसरू लागतो. नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर पडते, लगेच मागे सरते, आणि त्यानंतर तो स्वर फुलवणे किंवा वळवणे वादकाच्या हातात राहत नाही. तो कधी थांबवायचा एवढेच उरते. क्लॅरिनेट, ओबो, बसून, फ्लूट या फुंकवाद्यांचे नेमके उलट आहे. तिथे स्वर शांततेतून अलगद उगवतो, मध्यावर भरतो आणि एकाच श्वासात विरूनही जातो. स्वभावाने इतकी वेगळी असलेली ही वाद्ये एकत्र ध्वनिमुद्रित करणे हे पाश्चात्त्य अभिजात संगीतातले अतिशय नाजूक काम आहे. सभागृह निवडण्यापासून संकलनातल्या शेवटच्या सांध्यापर्यंत प्रत्येक निर्णय या एका फरकापाशी येऊन थांबतो.

हे काम जवळून पाहायचे तर योहानेस ब्राम्सच्या क्लॅरिनेट आणि पियानोच्या दोन सोनाटा, ओपस १२०, घ्याव्यात. लेखन आवरते घेण्याच्या विचारात असलेल्या ब्राम्सने १८९१ मध्ये मायनिंगेनच्या दरबारी वाद्यवृंदातला क्लॅरिनेटवादक रिचर्ड म्यूलफेल्ड याचे वादन ऐकले आणि त्याची लेखणी पुन्हा सुरू झाली. आधी एक त्रयी आणि एक पंचक झाले, मग १८९४ च्या उन्हाळ्यात ईशल या गावी या दोन सोनाटा. पहिलीच्या आरंभी चार बार पियानो एकटाच असतो. सप्तकांच्या जोडीने तो एक उघडीवाघडी सुरावट मांडतो आणि पाचव्या बारला क्लॅरिनेट येते. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात आधी पियानोची खोली तयार होते आणि मग तिच्यात दुसरे वाद्य प्रवेश करते. ते त्याच खोलीत आल्यासारखे वाटले पाहिजे. वेगळ्या कपाटातून बोलल्यासारखे वाटले, तर पुढची वीस मिनिटे कितीही चांगली वाजली तरी तो दोष झाकत नाही.

जुन्या काळी हे साधणे जवळजवळ अशक्य होते. १९२५ मध्ये विजेच्या साहाय्याने मुद्रण सुरू होईपर्यंत सगळा आवाज एका कर्ण्यात गोळा करून थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जाई. साधारण २००० हर्ट्झच्या वरचे फारसे काही त्यात उमटत नसे, आणि खालचे गंभीर स्वरही हरवत. पियानोचा पल्ला २७.५ पासून ४१८६ हर्ट्झपर्यंत असल्याने त्याची दोन्ही टोके गळून पडत. आवाज कर्ण्यात जावा म्हणून उभ्या पियानोची पाठ काढून ठेवत, पियानोच चौथऱ्यावर चढवत. फुंकवाद्ये त्या मानाने बरी उमटत, कारण त्यांचा आवाज एकवटलेला आणि टिकणारा असतो.

तबकडीच्या वेळेचा जाच मराठी रसिकाला नव्याने सांगायला नको. तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल बसवण्याची करामत आपल्याकडच्या थोर गायकांनी करून दाखवली. पण ब्राम्सच्या सोनाटाला ती सोय नव्हती. ख्याल आटोपशीर करता येतो, कारण त्याचा विस्तार गायकाच्या हाती असतो. इथे प्रत्येक स्वर आधीच लिहिलेला असतो. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटे मावत, त्यामुळे एका सोनाटाचे पाच-सहा तुकडे होत आणि वादकांना प्रत्येक तुकडा न चुकता एका दमात वाजवावा लागे. चूक झाली की ते मेण बाद आणि पुन्हा आरंभापासून.

आजच्या मुद्रणाची पहिली पायरी म्हणजे जागा. पियानो आणि फुंकवाद्यांसाठी बंदिस्त, कोरडा स्टुडिओ सहसा टाळतात. चर्च, जुने सभागृह किंवा खास संगीतासाठी बांधलेले दालन शोधतात. बर्लिनच्या डालेम भागातले येझुस-क्रिस्टुस चर्च आणि स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फोंचे संगीतदालन ही याबाबत नावाजलेली ठिकाणे आहेत. दीड सेकंदाच्या आसपास घुमारा असेल तर पियानोच्या ओसरत्या स्वराला खोली थोडा हात देते, आणि क्लॅरिनेटच्या दोन वाक्यांमधला श्वास अगदी उघडा पडत नाही. घुमारा याहून फार वाढला की ब्राम्सच्या जाड डाव्या हाताचा चिखल होतो.

जागा नुसती सुरेल असून भागत नाही, ती शांतही लागते. लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये अनेक दशके उत्तमोत्तम मुद्रणे झाली, पण जमिनीखालून जाणाऱ्या रेल्वेची घरघर त्यांतल्या काहींत आजही ऐकू येते. वाद्यवृंदाच्या गर्जनेत ती लपून जाते. क्लॅरिनेटच्या अतिमंद स्वराखाली मात्र ती स्पष्ट कळते. म्हणून अशा मुद्रणाच्या वेळी दिव्यांची गुणगुण तपासतात, करकरणारा स्टूल बदलतात आणि टेक सुरू होण्याआधी वातानुकूलन बंद करतात.

वातानुकूलन बंद केले की तापमान चढू लागते आणि तिथे खरी पंचाईत होते. हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. क्लॅरिनेटच्या नळीतली हवा पाच अंशांनी तापली, तर तिचा सूर जवळजवळ १५ सेंटने, म्हणजे एका अर्धस्वराच्या सातव्या हिश्शाएवढा, वर जातो. पियानो असा वर सरकत नाही. उलट उष्णतेने पोलादी तारा किंचित सैलावतात. दोन वाद्ये एकमेकांपासून दूर जाऊ लागतात आणि जुळवून घेण्याची सगळी जबाबदारी फुंकणाऱ्यावर येते. तो मुखनलिकेखालचा बॅरल नावाचा तुकडा किंचित बाहेर ओढतो, ओठांचा दाब बदलतो, काही स्वरांसाठी बोटांची वेगळी मांडणी करतो. सकाळी दहाच्या टेकमधला तुकडा दुपारी चारच्या टेकला जोडायचा असेल, तर हा फरक कानाला टोचल्याशिवाय राहत नाही. त्यामुळे खोलीतला तापमापक ही इथे माईकइतकीच महत्त्वाची वस्तू ठरते, आणि पियानो जुळवणारा कारागीर दिवसभर हाताशी असतो. पियानोच्या बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात. त्यांतली एक जरी केसभर उतरली तरी स्वर लहरू लागतो. प्रत्येक मध्यंतरात कारागीर किल्ली घेऊन बसतो ते याचसाठी.

सुराचा आणखी एक प्रश्न पेटीच्या साथीने गाणाऱ्यांना चांगला ओळखीचा आहे. पियानो समान अंतरांच्या सप्तकात जुळवलेला असतो. त्याचा गांधार षड्जापासून ४०० सेंटवर, तर निसर्गाचा शुद्ध गांधार सुमारे ३८६ वर. लांबलेल्या स्वरावर क्लॅरिनेटवादकाचा कान शुद्धाकडे ओढतो, आणि पियानो जागचा हलत नाही. पियानोचा स्वर जोरात असतो तेव्हा वादक त्याच्याशी जुळवतो आणि तो ओसरत गेला की हळूच आपल्या गांधाराकडे सरकतो. उत्तम मुद्रणात ही सूक्ष्म हालचाल ऐकू येते, आणि ती ऐकू येणे हे मोठे सुख आहे.

मग माईक. मैफलीत क्लॅरिनेटवादक पियानोच्या खोबणीपाशी श्रोत्यांकडे तोंड करून उभा असतो आणि पियानोवादकाला त्याची पाठच दिसते. मुद्रणात श्रोते नसतात, म्हणून पुष्कळदा त्याला वळवून पियानोसमोर उभे करतात. दोघांची नजरानजर झाली की एकत्र येण्यातले अर्धे काम आपोआप होते. सर्व दिशांनी सारखे ऐकणारे दोन माईक अर्ध्या मीटरच्या अंतराने उंच दांडीवर लावतात. ही मुख्य जोडी असते. खोलीचे खरे चित्र तिच्यातूनच येते. गरज पडली तर दोन्ही वाद्यांजवळ मदतीचे माईक ठेवतात, पण त्यांचा आवाज थोडा उशिराने मिसळावा लागतो. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटरच जातो. जवळचा माईक दूरच्या जोडीपेक्षा आधी ऐकतो, आणि तसाच मिसळला तर वाद्य एकदम अंगावर येते.

फुंकवाद्यासमोर माईक कुठे धरावा याबद्दल नवख्यांची हटकून चूक होते. क्लॅरिनेटचा आवाज तळाच्या घंटेतून येतो असे समजून ते माईक तिकडे रोखतात. प्रत्यक्षात घंटेतून मुख्यतः सर्वांत खालचे स्वर येतात. बाकीचे स्वर बोटांखालच्या उघड्या छिद्रांतून बाहेर पडतात. माईक घंटेशी असेल तर खालचे स्वर फुगतात आणि वरचे पोकळ लागतात. म्हणून तो एक-दीड मीटरवरून, किंचित उंचीवरून, वाद्याच्या मध्याकडे धरतात. फ्लूटच्या बाबतीत तो ओठांच्या अगदी समोर नको, नाहीतर फुंकेचा वारा स्वराला झाकतो.

अंतर जितके कमी तितके वाद्याचे खाजगी आवाज जास्त. चाव्यांची टकटक, छिद्रात साठलेल्या वाफेची गुळगुळ, पियानोच्या पेडलचा धप्पदिशी येणारा ठोका, आणि श्वास. यांतली गुळगुळ कोणालाच नको असते. श्वासाबद्दल मात्र मतभेद आहेत. काही संकलक प्रत्येक श्वास पुसून टाकतात. तशी मुद्रणे ऐकताना दोन मिनिटांत आपल्याच छातीवर दडपण येते, कारण ऐकणाऱ्याचे शरीर वादकाबरोबर श्वास घेत असते आणि समोरून तो येतच नाही. वाक्याच्या आधीचा श्वास हा त्या वाक्याचाच भाग आहे. तो मंद करावा, काढू नये.

प्रत्यक्ष मुद्रण तीन-तीन तासांच्या सत्रांत चालते. शेजारच्या खोलीत निर्माता स्वरलिपी पुढे घेऊन पेन्सिल हाती धरून बसतो. तो टेकचा क्रमांक पुकारतो, लाल दिवा लागतो. आधी संपूर्ण भाग दोन-तीनदा सलग वाजवून घेतात आणि दुरुस्तीचे तुकडे नंतर. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक तुकडा निर्दोष येतो, पण रचनेची चाल हरवते. निर्माता प्रत्येक बारवर खुणा करत जातो: कुठे सूर चढला, कुठे दोघे एकत्र आले नाहीत, कुठे बाहेर कुत्रे भुंकले, आणि कुठे काही विलक्षण घडले. शेवटची खूण सर्वांत मोलाची असते.

क्लॅरिनेटवादकाजवळ रीडची डबी असते. बोरूसारख्या गवतापासून कातलेल्या या पातळ पत्त्या तासातासाला बदलतात. एक सकाळी गोड बोलते आणि जेवणानंतर मुकी होते. तरीही एका भागाच्या मध्यावर रीड बदलायचा नाही, हा कसोशीने पाळला जाणारा नियम आहे. रीड बदलला की आवाजाचा पोतच बदलतो आणि पुढे जोड लपत नाही.

जोडण्याची ही कला चुंबकीय फितीबरोबर आली. सेकंदाला ३८ सेंटीमीटर वेगाने धावणाऱ्या फितीवर सेकंदाच्या आठव्या हिश्शाचा द्रुत स्वर पावणेपाच सेंटीमीटर जागा घेतो. तेवढा तुकडा हाताने शोधायचा, पात्याने तिरका कापायचा आणि चिकटपट्टीने सांधायचा. या कलेची सर्वांत ठाम बाजू पियानोवादक ग्लेन गूल्डने मांडली. १९६४ मध्ये त्याने जाहीर मैफली सोडल्या. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’च्या पहिल्या खंडातल्या ए मायनर फ्यूगचे त्याने आठ टेक केले. सहावा आणि आठवा दोन्ही निर्दोष, पण एक जड आणि एक चपळ, आणि दोन्ही एकसुरी. काही आठवड्यांनी त्याने दोन्हींचे भाग आलटून पालटून जोडले, आणि सलग वादनात त्याला न सुचलेला अर्थ त्या जोडीतून निघाला. १९६६ च्या लेखात त्याने हा अनुभव स्वतःच लिहून ठेवला आहे.

गूल्डचे काम एकट्या पियानोचे होते, हे इथे लक्षात ठेवायला हवे. पियानोत सांधा लपवणे तुलनेने सोपे, कारण हातोडीच्या आघाताच्या अगदी आधी कापले तर आघातच जोड झाकतो. फक्त पेडलमुळे मागे रेंगाळणारा निनाद दोन्ही टेकमध्ये सारखा हवा. क्लॅरिनेटच्या लांब स्वराच्या पोटात असा आघात नसतो. तिथे पाते ठेवले की आवाजाचा पोत, जोर, सूर यांतला फरक लगेच उघडा पडतो. जागा मिळते ती वाक्य संपून श्वास सुरू होण्याआधी, आणि तो श्वास पुढच्या वाक्याबरोबर त्याच टेकमधून उचलावा लागतो. पण नेमक्या त्याच ठिकाणी ब्राम्सने पियानोला आडवे पळते स्वर दिलेले असतात. एका वाद्याला सोयीचा सांधा दुसऱ्याला अडचणीचा. संगणकावर आज दोन टेक काही मिलिसेकंद एकमेकांवरून सरकवता येतात, पण जागा शोधावी लागते ती कानानेच.

सांधे पुरे झाले की समतोल ठरवतात, वादकांना ऐकवतात, त्यांच्या तक्रारी घेतात. शेवटी भागांमधल्या मोकळ्या जागा येतात. यासाठी मुद्रणाच्या दिवशीच रिकाम्या सभागृहाची शांतता मिनिटभर टिपून ठेवलेली असते, कारण पूर्ण निःशब्द तुकडा मध्ये टाकला तर खोली अचानक नाहीशी झाल्यासारखी वाटते. शेवटच्या पियानो-स्वरसंघाचा निनाद पुरता विरू देतात, त्याखाली ती टिपलेली शांतता सुरू राहते, आणि पुढचा भाग किती सेकंदांनी सुरू व्हावा हे घड्याळ न पाहता, आधीच्या भागाची लय मनात धरून ठरवतात. पहिल्या सोनाटाच्या आवेगी पहिल्या भागानंतर मंद आंदान्ते येते, तिथे ही जागा नेहमीपेक्षा थोडी जास्त सोडतात.