रविवारचे स्काऊट पथक : जबाबदारीचे शिक्षण

स्काऊट म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर २६ जानेवारीचे संचलन उभे राहते. गळ्यात स्कार्फ, खिशाला शिट्टीची दोरी आणि हातात काठी घेतलेली मुले ध्वजाला सलामी देतात, छायाचित्र निघते आणि पुढील वर्षापर्यंत गणवेश पेटीत जातो. यामुळे स्काऊटिंग म्हणजे कवायत, अशी एक समजूत रूढ झाली आहे. बँकेची नोकरी सांभाळून गेली काही वर्षे मी हिंगोली येथे रविवारी मुलांचे एक खुले पथक चालवतो. खुले पथक म्हणजे कोणत्याही एका शाळेला न जोडलेले, निरनिराळ्या वस्त्यांतील मुलांचे पथक. या कामात जे रोज पाहावयास मिळते, त्याच्या आधारे स्काऊटिंग म्हणजे नेमके काय आणि आपल्या मुलांना त्यातून काय मिळू शकते, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. इंग्रज सेनाधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राऊनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे एक शिबिर घेतले. त्यांतील काही मुले श्रीमंतांच्या खासगी शाळांत शिकणारी होती, तर काही सामान्य कामगारांच्या घरची होती. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही दोन प्रकारची मुले एका पंगतीला बसणे ही साधी गोष्ट नव्हती. बेडन-पॉवेल यांनी त्यांना मिसळून चार संघ केले आणि प्रत्येक संघाचा कारभार एका मुलाच्या हाती दिला. पुढे जगभर पसरलेल्या या चळवळीचे बीज त्या बेटावरील शिबिरात आहे.

भारतात १९०९ साली बंगलोर येथे पहिले पथक निघाले. परंतु सुरुवातीच्या काळात हे दार युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांनाच खुले होते. भारतीय मुलांना तेथे प्रवेश नव्हता. नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू, डॉ. ॲनी बेझंट आदींच्या प्रयत्नांनी भारतीय मुलांची पथके उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकच संस्था झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाईड संघटनाही तिच्यात सामील झाली. दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवीन नाही. म्हणूनच, जे दार आता उघडे आहे त्यातून आपली मुले आत जातात की नाही, हे पाहणे आपले काम आहे.

स्काऊटिंगचा कणा म्हणजे संघ पद्धती. साधारण दहा ते सतरा वर्षे वयाची सहा ते आठ मुले मिळून एक संघ होतो. संघातील एक मुलगा संघनायक व दुसरा उपसंघनायक असतो. असे काही संघ मिळून पथक बनते आणि त्याचा प्रमुख म्हणजे स्काऊटमास्टर. पथकाने सहलीला कोठे जावे, जमा झालेले पैसे कशावर खर्च करावेत, एखाद्याचे वर्तन चुकले तर काय करावे, असे प्रश्न संघनायकांच्या बैठकीत सुटतात. तिला मानसभा म्हणतात. स्काऊटमास्टर तेथे सल्ला देतो, पण निर्णय मुलांचा असतो. शाळेतील वर्ग आणि पथक यांतील मुख्य फरक हाच आहे. वर्गात गुरुजी सांगतात व मुले ऐकतात. पथकात मुलांनी ठरवायचे असते आणि ठरविल्याप्रमाणे झाले नाही तर का झाले नाही, हेही त्यांनीच शोधायचे असते.

रविवारची सभा साधारण दीड तासाची असते. ध्वजवंदन, प्रार्थना, संघनायकांकडून हजेरी, नखे व कपड्यांची स्वच्छता पाहणे, मग खेळ आणि त्यानंतर एखादे कौशल्य. ‘किमचा खेळ’ मुलांना फार आवडतो. ताटात वीस-पंचवीस लहान वस्तू मांडायच्या, मिनिटभर दाखवून झाकायच्या आणि प्रत्येक संघाने आठवतील तेवढ्या लिहावयाच्या. अभ्यासात मागे समजला जाणारा मुलगा या खेळात पुष्कळदा सर्वांच्या पुढे असतो. रानात हरवलेली शेळी शोधणाऱ्या मुलाची नजर तयार झालेली असते, फक्त तिला कोणी गुण दिलेले नसतात.

गाठींचेही तसेच आहे. रीफ नॉट पट्टी बांधण्यासाठी, शीट बेंड दोन कमी-जास्त जाडीचे दोर जोडण्यासाठी, क्लोव्ह हिच खांबाला दोर अडकविण्यासाठी आणि न सरकणारा फास हवा असेल तेव्हा बोलाइन. नावे इंग्रजी असली तरी बैलाचे दावे बांधणाऱ्या घरातील मुलांना यांतील एखादी गाठ आधीच येत असते. अशा वेळी मी बाजूला होतो आणि त्या मुलाला शिकवावयास सांगतो. प्रथमोपचारात गळ्यातील स्कार्फ हाच झोळी आणि हाच बंध. आपल्या भागात हळदीच्या व उसाच्या शेतात साप निघणे नेहमीचे आहे. साप चावल्यास जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायची नाही; रुग्णाला धीर द्यायचा, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि विलंब न करता सरकारी दवाखान्यात न्यायचे, कारण प्रतिविषाच्या इंजेक्शनला पर्याय नाही. हे एका मुलाला पक्के ठाऊक झाले म्हणजे त्याच्या घराला व शेजाराला ठाऊक होते.

पालकांना भेटावयास गेलो म्हणजे एक प्रश्न हमखास येतो. एका शेतमजूर बापाने मला सरळ विचारले, “सर, आमचं लेकरू सुट्टीत रोज कामालाच जातंय. तुम्ही त्याला आणखी काय काम शिकवणार?” प्रश्न रास्त आहे. श्रमाची गोडी लावणे हा ज्यांच्या घरी श्रमाची सवय नाही त्यांच्यासाठी उपदेश असू शकतो. आमच्या मुलांना तो काय द्यायचा? याचे उत्तर मला ‘खरी कमाई’ या उपक्रमात मिळाले.

खरी कमाई म्हणजे स्काऊट-गाईडनी स्वतःच्या श्रमाने पैसे मिळविणे. आमच्या मुलांनी कागदी पाकिटे करून विकली, आठवडी बाजारात लिंबूपाणी विकले. शेतात मजुरी करताना मुलगा काम करतो, पण काय करावे, किती दर घ्यावा, आलेल्या पैशाचे काय करावे, हे दुसरेच कोणी ठरवते. खरी कमाईत साखर किती आणायची येथपासून पेल्याचा भाव काय ठेवायचा येथपर्यंत सारे संघ ठरवतो. त्यासाठी प्रत्येक संघाची एक वही आहे : जमा, खर्च, शिल्लक. बँकेत संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय आम्ही उठत नाही, तोच नियम येथे. एकदा एका संघाच्या हिशेबात सात रुपये कमी भरले. मुले म्हणाली, “सर, सातच रुपये आहेत, आम्ही वर्गणी काढून भरतो.” मी म्हणालो, “भरू नका, शोधा.” अर्ध्या तासाने सापडले. बर्फ आणून देणाऱ्या माणसाला चहा पाजला होता आणि तो लिहावयाचा राहिला होता. चूक सापडल्यावर त्या मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो कमाईच्या आनंदापेक्षा मोठा होता. ज्याला सात रुपयांचा हिशेब देता येतो, तो उद्या बचतगटाचा, पतसंस्थेचा, ग्रामपंचायतीचा हिशेब मागूही शकतो. त्या बापाला मी हेच सांगितले की, काम तो शिकलेलाच आहे. येथे तो कारभार शिकेल.

शिबिर हा या शिक्षणाचा कसोटीचा भाग. सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात आमचे तीन दिवसांचे शिबिर होते. प्रत्येक संघाची चूल वेगळी, शिधा मोजून दिलेला. पहिल्या संध्याकाळी एका संघाचा भात करपला. दुसरे जेवण मागविणे सोपे होते, पण मी मागविले नाही. मुलांनी वरचा भात खाल्ला आणि रात्री आपसांत बैठक घेतली. दुसऱ्या दिवशी जाळ पाहण्यास एक, पाण्यास एक आणि भांड्याजवळ एक अशी विभागणी कोणीही न सांगता झाली होती.

त्याच शिबिरात एक मुलगा घरून भाकरीचे गाठोडे आणि पाण्याची वेगळी बाटली घेऊन आला होता. बाहेरचे खाऊ-पिऊ नकोस, असे त्याला घरून बजावलेले होते. ‘बाहेरचे’ या शब्दाचा अर्थ त्याच्या संघातील इतर मुलांना कळत नव्हता असे नाही. पथकाच्या नऊ नियमांपैकी एक असा आहे की, स्काऊट सर्वांचा मित्र व दुसऱ्या प्रत्येक स्काऊटचा भाऊ असतो. त्या नियमावर मला भाषण देता आले असते. पण भाषणाने तो मुलगा एकटा पडला असता आणि बाकीचे न्यायाधीश झाले असते. कामाचा तक्ता आधीच लागलेला होता. त्यानुसार दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाची पाळी त्याची होती. त्याने संघातील सर्वांसाठी पिठले केले, दुसऱ्याने आणलेले पाणी त्यात घातले, चव घेऊन मीठ वाढविले. मग सर्वांनी त्याला “तूही बस” म्हटले आणि तो बसला. गाठोड्यातील भाकरी तोवर वाळून गेली होती. ती कुस्करून सर्वांनी सकाळी फोडणीला टाकली. चवदार तळ्याचा १९२७ चा इतिहास आपल्या घरातील मुलांना तोंडपाठ असतो. एका चुलीवर शिजवून एका पंगतीत खाण्याची सवय मात्र इतिहास पाठ करून लागत नाही. ती रोजच्या पाळीने लागते.

आपल्या समाजातील काही पालक आणखी एक शंका विचारतात. स्काऊटच्या वचनात ईश्वराविषयीच्या कर्तव्याचा उल्लेख येतो. मग आमच्या मुलांनी ते कसे घ्यावे? संघटनेच्या नियमांतच याची सोय आहे. वचन घेणाऱ्यास हवे असल्यास ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी ‘धर्म’ हा शब्द घेता येतो. तेव्हा या कारणाने कोणी मागे राहण्याचे कारण नाही. वचनाचा उरलेला भाग देशाविषयीचे कर्तव्य, इतरांना साहाय्य आणि नियमांचे पालन यांचा आहे.

अडचणी अर्थातच आहेत. गणवेशाचा खर्च सर्वांना झेपत नाही. म्हणून आमच्या पथकात मोठ्या मुलांना आखूड झालेला गणवेश धुऊन-इस्त्री करून लहानांकडे जातो. दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात आणि संघातील दोन-तीन जागा होळीपर्यंत रिकाम्या राहतात. त्या मुलांची नावे आम्ही हजेरीतून कमी करीत नाही. प्रवेशापासून प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या असतात. परत आलेला मुलगा जेथे थांबला होता तेथून पुढे चालू लागतो, आणि त्याचा राहिलेला भाग त्याचा संघनायक करून घेतो. मुलींची अडचण अधिक मोठी. गाईड पथकासाठी स्त्री-कॅप्टन लागते. मुली तयार आहेत; वेळ देणाऱ्या भगिनी कमी पडतात.

दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर प्रदर्शन भरते, खेड्यापाड्यांतून मोठी गर्दी लोटते आणि लहान मुले चुकतात. अशा गर्दीत आमची मुले दोन-दोनच्या जोडीने फिरतात. चुकलेल्या लेकराला आधी पाणी द्यायचे, नाव हळू विचारायचे, त्याला घेऊन जागा सोडून भटकायचे नाही, एकाने जवळ थांबायचे व दुसऱ्याने पोलीस चौकीवर कळवायचे, ही पद्धत त्यांनी मानसभेत बसून ठरवली. एखादी आई धावत येऊन लेकराला उचलते तेव्हा गणवेशातील मुलाची जात, वस्ती वा घर ती विचारत नाही. बारा वर्षांच्या मुलाला आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो, हे त्या क्षणी कळते, आणि ते त्याला कायमचे लक्षात राहते.

या कामाला फार मोठे भांडवल लागत नाही. स्काऊटमास्टरसाठी संघटनेचे निवासी प्रशिक्षण वर्ग असतात. प्रारंभिक वर्गापासून हिमालय वुड बॅजपर्यंत त्याचे टप्पे आहेत आणि मध्य प्रदेशात पचमढी येथे संघटनेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. समाजातील नोकरदार बंधु-भगिनींना माझी विनंती आहे की, आठवड्यातील दोन तास आणि वस्तीजवळचे एखादे मोकळे मैदान एवढे पाहावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील सहा मुलांचा एक संघ गोळा करून द्यावा. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांत आपली वस्ती आहे, शाळा आहेत आणि रविवारी दुपारी रिकामी असणारी मुलेही आहेत. त्यांच्या हाती एक दोर, एक वही आणि एक चूल द्यावी, आणि आपण दहा पावले मागे उभे राहावे. मुले काय ठरवतात, ते पाहण्यासारखे असते.