टाळ्यांनी समाधान मिळत नाही

कन्नड तालुक्यातील आमच्या देवगाव रंगारीच्या नावातच एक धंदा आहे. रंगारी म्हणजे कपडा रंगवणारा. गावगाड्यात बापाचे काम मुलाच्या कपाळी येई. ते त्याला आवडते का, हे कुणी विचारत नसे. आमच्या आजा-पणजाच्या वाट्याला तर गावकी आणि मेलेली ढोरे ओढणे आले.

आज कंपन्या-कार्यालयांत शिबिरे भरतात. 'कर्मचाऱ्याला प्रेरणा द्या, तो समाधानी होईल', असे सांगितले जाते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली मांडले, की अपुऱ्या पगाराने आणि वाईट वागणुकीने माणूस नाराज होतो. पण खरे समाधान कामातील यश, कदर, जबाबदारी आणि बढती यांतून येते. बाबासाहेबांनी मात्र त्याच्या २३ वर्षे आधी, १९३६ साली, 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये याचे मूळच दाखवले होते. जन्माने लादलेल्या आणि हलक्या मानलेल्या कामात माणसाचे मन रमत नाही, बुद्धी चालत नाही. तो ते टाळूच पाहतो. दोष त्याच्या आळसाचा नाही, व्यवस्थेचा आहे.

हा केवळ पुस्तकी विचार नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे निमित्त! जिथे मजुरी जास्त, तिथेच दार बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे दार उघडण्याची मागणी लावून धरली. ज्याला पुढची पायरीच नाकारली, त्याला प्रेरणा कोण देणार?

आता सफाई कामगारांकडे पाहू. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे त्यांच्या वारसाला नोकरी मिळते. हा हक्क आहे आणि तो टिकलाच पाहिजे. पण शिकलेल्या वारसाच्या हातीही पुन्हा झाडूच आला, तर तो गावगाडाच नव्हे काय? स्वच्छतेच्या मोहिमेत शाल, श्रीफळ आणि टाळ्या मिळतात. हातमोजे, वेळेवर पगार आणि कायम नोकरी मात्र मागावी लागते.

आम्हाला टाळ्या नकोत. सुरक्षित काम द्या, शिक्षणाप्रमाणे पद द्या, बढतीची वाट मोकळी करा. काम निवडण्याचा हक्क मिळाला, की प्रेरणा आतूनच येईल. चळवळीच्या कामगार संघटनांनी वेतनवाढीबरोबर ही मागणीही आपल्या निवेदनात लिहावी.