स्तंभाचें कवच

सिमेंट-काँक्रीटचा खांब दगडासारखा दिसतो, म्हणून तो दगडासारखाच टिकेल असा पुष्कळांचा ग्रह असतो. २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत झालेल्या भूकंपानें हा ग्रह खोटा ठरविला. भूकंपकेंद्रापासून २०० किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेंतहि बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील अनेकींचा तळमजला वाहनांसाठीं मोकळा असून सारा भार उघड्या खांबांवर होता. राहत्या घराचे खांब पाडून नवे बांधतां येत नाहींत. मग ते बळकट कसे करावे? तंतुयुक्त संमिश्र द्रव्याचें वेष्टन हें याचें एक उत्तर होय.

त्याचें मर्म कोठारांतील उदाहरणानें कळेल. गव्हाच्या राशीवर पाय दिला तर रास पसरते. तेच गहू पोत्यांत घट्ट शिवले म्हणजे वर माणूस खुशाल उभा राहतो. गव्हाचें बळ वाढलें नाहीं, पसरण्याची वाट बंद झाली. काँक्रीटहि भाराखालीं बाजूंनीं फुगून चिरडतें. त्यास चोहोंकडून आवळलें असतां तें अधिक भार सोसतें व एकाएकी मोडत नाहीं. १९२८ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत रिचार्ट, ब्रांट्झेग व ब्राउन यांनीं दाखविलें कीं, बाजूंनीं जितका दाब द्यावा त्याच्या सुमारें चौपट काँक्रीटची सहनशक्ति वाढते.

खांबांतील लोखंडी रिंगा हेंच काम करितात. जुन्या खांबांत त्या बहुधा विरळ असतात. ही उणीव बाहेरून भरावयाची. गिलावा काढून, चौकोनी खांबाचे कोपरे गोल करून, कार्बनच्या अगर कांचेच्या तंतूंचें कापड इपॉक्सी राळेंत भिजवून आडवें गुंडाळितात. कोपरा तीक्ष्ण राहिला तर तेथें तंतू तुटतात. कार्बनच्या कापडाचा थर एका मिलिमीटरहूनहि पातळ, परंतु त्याचे तंतू ताण सोसण्यांत साध्या पोलादाहून कित्येक पट समर्थ. जपानांत १९९५ च्या कोबे भूकंपानंतर पुलांच्या खांबांसाठीं ही रीत पुष्कळ वाढली.

मात्र हें कवच सर्व रोगांवर औषध नव्हे. समुद्राकाठच्या इमारतींत आंतील सळया लवकर गंजतात. गंज लोखंडाहून अधिक जागा व्यापून काँक्रीट फोडतो. अशा खांबावर तसेंच कापड गुंडाळणें म्हणजे चिघळलेल्या जखमेवर रेशमी पट्टी बांधणें होय. आधीं सडका भाग काढावा, सळया स्वच्छ कराव्या, खांब भरून घ्यावा, मग वेष्टन. राळ सुमारें ६० ते ८० अंश सेल्सिअस उष्णतेंतच मऊ पडूं लागते, म्हणून अग्निरोधक लेपाचा विचार अवश्य करावा. मोकळ्या तळमजल्यास वेष्टनानें चिवटपणा येतो, ताठरपणा येत नाहीं. तेथें कांहीं भिंतीहि उभाराव्या लागतात.

यास्तव सोसायटीच्या सभेंत दरपत्रक पुढें आलें म्हणजे किती थर व किती खर्च हें विचारण्यापूर्वीं, खांबांची परीक्षा कोणत्या इंजिनिअरानें केली व त्याचा लेखी अहवाल कोठें आहे, असें कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनीं निःसंकोच विचारावें. ज्यांच्या डोक्यावर तें छप्पर आहे त्यांस हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.