रडायचं गाणं की नाचायचं? चेरच्या ‘बिलीव्ह’ची गोष्ट

 

मागच्या महिन्यात कार्यक्रम संपता संपता एका ताईंचा फोन आला होता. त्यांच्या इच्छेप्रमाणे तो आम्ही प्रसारित केला नाही. पण नाव-गाव न सांगता प्रश्न सांगितला तर चालेल, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. हॉल घेऊन झाला होता, भारतातून येणाऱ्यांची तिकिटंही काढून झाली होती. मुलगी आता आईबाबांकडे परत आली आहे आणि खोलीचं दार लावून एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐकते. ताई म्हणाल्या, “इतकी वर्षं झाली इथे येऊन, पण गाण्यातलं इंग्रजी मला अजून पटकन कळत नाही. आवाज तर यंत्रातून आल्यासारखा वाटतो. हे रडायचं गाणं आहे की नाचायचं, तेवढं सांगा. म्हणजे काळजी करायची की नाही, ते मला ठरवता येईल.”

ते गाणं म्हणजे चेर या अमेरिकन गायिकेचं ‘बिलीव्ह’. ऑक्टोबर 1998 मध्ये ते इथे ब्रिटनमध्ये आलं. तेव्हा मी नुकतीच लग्न करून लंडनला आले होते. बसमध्ये, दुकानात, शेजारच्या घरातून, जिथे जावं तिथे तेच ऐकू यायचं. खरं सांगते, मला तो नुसता धांगडधिंगा वाटला होता. ताईंच्या प्रश्नामुळे मी इतक्या वर्षांनी ते नीट बसून ऐकलं. आजचा भाग त्याच गाण्याबद्दल.

[इथे गाण्याची सुरुवात ऐकवली.]

आधी गाणारी कोण, ते पाहू. चेरचा जन्म 20 मे 1946 चा, कॅलिफोर्नियातला. वडील आर्मेनियन वंशाचे. सोळाव्या वर्षी तिची सनी बोनोशी ओळख झाली आणि पुढे दोघं जोडीनं गाऊ लागली. 1965 मध्ये त्यांचं ‘आय गॉट यू बेब’ अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. टीव्हीवर त्यांचा कार्यक्रम घरोघरी पाहिला जायचा. मग 1975 मध्ये घटस्फोट झाला. चेर एकटी गात राहिली, सिनेमात गेली, ‘मूनस्ट्रक’साठी तिला अभिनयाचं ऑस्कर मिळालं. सनी राजकारणात गेला, अमेरिकी संसदेत निवडून आला.

5 जानेवारी 1998 ला सनीचा बर्फावर स्कीइंग करताना झाडावर आदळून मृत्यू झाला. अंत्यविधीच्या वेळी चेर त्याच्याबद्दल बोलायला उभी राहिली आणि बोलताना रडली. घटस्फोटाला वीस वर्षं उलटून गेली होती, तरीही. त्याच वर्षी ‘बिलीव्ह’ आलं, म्हणून ते सनीवरच आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. गाणं मुळात दुसऱ्यांनी लिहिलेलं आहे आणि ते चेरकडे येण्याआधी बराच काळ पडून होतं. पण तिनं ते गायलं तेव्हा वियोग म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती, एवढं आपण म्हणू शकतो.

ते तयार झालं लंडनमध्ये. वॉर्नर कंपनीचे इथले प्रमुख रॉब डिकिन्स यांची इच्छा होती की चेरनं नाचाच्या गाण्यांचा आल्बम करावा. ब्रायन हिगिन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिहिलेलं एक गाणं कंपनीत फिरत होतं. ध्रुवपद सगळ्यांना आवडायचं, कडवी कुणालाच आवडत नव्हती. निर्माते मार्क टेलर आणि ब्रायन रॉलिंग यांच्याकडे ते दुरुस्तीला आलं, आणखी गीतकार बसले. शेवटी या एका गाण्यावर सहा गीतकारांची नावं लागली. आपल्याकडे लग्नाच्या आमटीत जो येईल तो मीठ चाखून जातो, तसंच हे. पण आमटी जमली.

ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर शब्दांत आहे, म्हणून आता तिकडे वळू. पहिल्या कडव्यातली बाई सोडून जाणाऱ्या माणसापुढे हतबल आहे. त्याच्यापर्यंत आपण पोचतच नाही, हे तिला उमगलंय. ध्रुवपदात ती ठासून काही सांगत नाही, प्रश्न विचारते. प्रेम संपलं, आता पुढे काही उरलंय का, अशा अर्थाचा. तो त्याला विचारलाय की स्वतःला, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं.

आणि मग दुसरं कडवं. चेरनं नंतर मुलाखतीत सांगितलं की तिच्या हाती आलेल्या गाण्यात ही बाई दुसऱ्या कडव्यातही रडतच होती, आणि ते तिला मुळीच पटलं नाही. एक कडवंभर दुःखी राहा, दोन कडवी कशाला? आंघोळीच्या टबमध्ये बसल्या बसल्या तिला वेगळी ओळ सुचली. त्या ओळीतली बाई म्हणते, मी नीट विचार केलाय, आणि कदाचित तुझीच माझ्यासारखी मिळवण्याची लायकी नव्हती. गीतकारांच्या यादीत चेरचं नाव नाही, पण गाणं वळतं ते तिच्या या ओळीवर. सहा जणांना जे सुचलं नाही, ते बावन्न वर्षांच्या अनुभवी बाईला सुचलं.

आता आवाजाकडे येऊ. ताई म्हणाल्या तसा तो खरंच यंत्रातून आलाय.

अँडी हिल्डेब्रँड नावाचा एक अमेरिकन गणिती इंजिनिअर तेल शोधणाऱ्या कंपन्यांसाठी काम करायचा. जमिनीत आवाजाच्या लहरी सोडायच्या, त्या आदळून परत आल्या की हिशोब करून खाली काय आहे ते ओळखायचं, असं ते काम. त्यातलंच गणित वापरून त्यानं गाण्याचा सूर ओळखणारी आणि दुरुस्त करणारी ‘ऑटो-ट्यून’ ही प्रणाली बनवली. ती 1997 मध्ये बाजारात आली. हेतू साधा होता. गायकाचा एखादा सूर जरा उतरला, तर सगळं पुन्हा न गाता तेवढाच वर ओढून घ्यायचा, आणि तोही कुणाला कळणार नाही असा.

ती काय करते, ते आपल्या पेटीवरून चटकन कळेल. गळा ‘सा’वरून ‘रे’वर जातो तेव्हा मधली सगळी वाट चालत जातो. त्याला आपण मींड म्हणतो. पेटीला मींड येत नाही. एक पट्टी सोडायची, दुसरी दाबायची, मधे वाटच नाही. ऑटो-ट्यूनमध्ये सूर किती वेगानं ओढायचा, ते ठरवता येतं. वेग कमी ठेवला तर मींड शिल्लक राहते आणि दुरुस्ती लपते. टेलरनं वेग शेवटच्या टोकाला नेला, म्हणजे मधे क्षणाचाही अवकाश नाही. त्यामुळे कडव्यातल्या काही शब्दांवर चेरचा गळा पेटीच्या पट्ट्यांसारखा एका सुरावरून दुसऱ्यावर उड्या मारू लागला. दोष लपवायचं साधन त्यानं उघडउघड दागिन्यासारखं घातलं.

त्याआधी कडव्यांवरून दोघांत बरीच कुरबुर झाली होती. हा नवा आवाज ऐकला तेव्हा मात्र चेर खूश झाली. कंपनीच्या प्रमुखांनी तो काढून टाकायला सांगितलं, तर ती म्हणाली, मी मेल्याशिवाय तो निघणार नाही. गंमत म्हणजे निर्मात्यांना ही युक्ती गुपित ठेवायची होती. 1999 च्या सुरुवातीला ‘साउंड ऑन साउंड’ या ब्रिटिश मासिकाला त्यांनी सांगितलं की आम्ही व्होकोडर नावाचं दुसरंच यंत्र वापरलं. खरं काय ते बाहेर यायला वेळ लागला. पुढे तोच आवाज रॅपपासून हिंदी सिनेमाच्या गाण्यांपर्यंत सगळीकडे पोचला.

पण दुःखाच्या गाण्यात हे यंत्र शोभतं कसं? मला वाटतं, त्याचं कारण आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांना लवकर कळेल. दुःख गळ्यात असतं तेव्हा आवाज थरथरतो, सूर हलतो. इथे नेमका तो थरथरणारा भाग यंत्रानं सपाट केलाय. आईचा भारतातून फोन येतो. आपण डोळे पुसतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, “हो गं, सगळं ठीक आहे.” तेव्हाचा आपला आवाज आठवा. सूर अगदी जागच्या जागी, आणि म्हणूनच आईला शंका येते. कडव्यांतला चेरचा आवाज मला तसा वाटतो. ध्रुवपदात मात्र तिचा खालच्या पट्टीतला भरदार आवाज बऱ्यापैकी मोकळा येतो. सावरून धरलेला आवाज आणि मोकळा आवाज, असं ते आलटून पालटून चालतं.

राहिला ताल. मिनिटाला सुमारे 133 ठोके, आणि चारही मात्रांवर सारख्याच जोराचा ठोका. आपल्या तबल्यात भरी असते, खाली असते, श्वास घ्यायला जागा असते. इथे खाली नाही. पाय थांबतच नाहीत. सूर म्हणाल तर मेजर स्केलचे, म्हणजे आपल्या बिलावलाच्या स्वरांचे, उजळ.

रडके शब्द आणि नाचरा ताल हे विसंगत वाटेल, पण आपल्याला ते नवीन नाही. विरहाची लावणी आठवा. ती बाई तक्रार करते, वाट पाहते, झुरते, आणि ढोलकी मात्र कडाडत असते. पश्चिमेकडच्या डिस्कोतही ही वाट जुनी आहे. ग्लोरिया गेनरचं ‘आय विल सर्व्हाइव्ह’ 1978 चं. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाठीला पट्टा बांधून तिनं ते गायलं होतं. हे संगीत ज्या क्लबांमध्ये वाढलं, तिथे कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकन आणि समलिंगी माणसं मोठ्या संख्येनं यायची. बाहेर, कधी घरातही, ज्यांचा अपमान व्हायचा, ती रात्री तिथे येऊन नाचायची. नाचल्यानं दुःख जात नाही. पण चार माणसांच्या बरोबरीनं त्याच ठेक्यावर पाय पडतात, आणि आपण एकटे नाही हे अंगाला कळतं.

लोकांना ते कळलं असावं. ब्रिटनमध्ये हे गाणं सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि 1998 मधलं सर्वाधिक विकलं गेलेलं सिंगल ठरलं. आजवर इथे त्याच्या 18 लाखांहून अधिक प्रती खपल्या आहेत. कुठल्याही गायिकेच्या सिंगलच्या इथे इतक्या प्रती विकल्या गेलेल्या नाहीत. मार्च 1999 मध्ये ते अमेरिकेतही पहिलं आलं. त्याआधी चेरचं गाणं तिथे पहिल्या क्रमांकावर होतं 1974 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी. अमेरिकेच्या त्या यादीत पहिली येणारी ती तोपर्यंतची सर्वांत वयस्क स्त्री होती. पुढच्या वर्षी तिला पहिलं ग्रॅमी मिळालं, तेही नाचाच्या गाण्यासाठी.

इथे मला आपल्या आशाताई आठवतात. त्याच वर्षी, फेब्रुवारी 1998 मध्ये, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं कॉर्नरशॉप या बँडचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’, नॉर्मन कुकच्या रीमिक्ससह. सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांच्या नावावर अख्खा ब्रिटन नाचत होता. त्या तेव्हा चौसष्ट वर्षांच्या होत्या, आणि आदल्याच वर्षी लेस्ली लुईसबरोबर ‘जानम समझा करो’ हा पॉप आल्बम करून मोकळ्या झाल्या होत्या. “या वयात हे काय?” असं आपल्याकडे बायकांना फार लवकर ऐकवलं जातं. लग्न मोडलं की तर विशीतल्या मुलीलाही ऐकवतात, जणू सगळं संपलंच. चेरला बावन्नाव्या वर्षी असं म्हणणारे कमी नसतील.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. पहिलं कडवं रडायचं आहे, दुसरं उठून उभं राहायचं, आणि ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत नाचाचा आहे. तुमची मुलगी यातल्या कुठल्या जागी आहे, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. कदाचित तिलाही अजून ठाऊक नसेल. म्हणून तर ती गाणं पुन्हा पहिल्यापासून लावत असेल.

काळजी करा, आई आहात, तुम्ही ती करणारच. जेवण बंद झालं, झोप उडाली, ती कुणाशीच बोलेनाशी झाली, तर गाण्यावर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. पण “आता विसर ते” असं म्हणू नका, आणि गाणं बंद करायलाही सांगू नका. गाण्यातली बाई सुद्धा विसरलेली नाही. तिनं फक्त स्वतःची किंमत पुन्हा मोजून पाहिली आहे. जमलं तर एकदा दार वाजवा आणि विचारा, “मला पण ऐकू दे की.” शब्द कळले नाहीत तर तिला अर्थ विचारा. दुसऱ्या कडव्याचा अर्थ तिच्या तोंडून, मराठीत ऐका. आईला समजावून सांगताना कधी कधी आपल्यालाही तो नव्यानं कळतो.

आणि पाय हलले तर हलू द्या.

[इथे पूर्ण गाणं ऐकवलं.]

मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरात कुठलं गाणं पुन्हा पुन्हा लागतं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या रविवारी याच वेळी भेटू. तोवर सांभाळून राहा. नमस्कार.