सोनोग्राफीची सुरक्षितता

सोनोग्राफी ही श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने शरीरांतर्गत अवयवांची प्रतिमा मिळवण्याची निदानपद्धती आहे. तीत साधारणतः २ ते १५ मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी वापरतात. क्ष-किरणांप्रमाणे या लहरी आयनीकारक नसतात; तथापि त्या ऊतींमध्ये ऊर्जा सोडतात. त्यामुळे त्यांचा वापर वैद्यकीय गरजेपुरताच करावा, असे मानले जाते.

== जैविक परिणाम ==
'''औष्णिक परिणाम :''' ऊती ध्वनिऊर्जा शोषून घेतात व त्यांचे तापमान वाढते. हाडांमध्ये शोषण सर्वाधिक असल्याने गर्भाच्या कवटीलगतचा मेंदू व पाठीचा कणा यांबाबत विशेष दक्षता घेतात. तापमानवाढीचा अंदाज औष्णिक निर्देशांकावरून येतो.

'''यांत्रिक परिणाम :''' लहरींच्या दाबातील चढउतारांमुळे वायूचे सूक्ष्म बुडबुडे आंदोलित होतात व कधी फुटतात. प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या फुप्फुसांत यामुळे सूक्ष्म रक्तस्राव आढळला आहे. बुडबुडेयुक्त विरोधाभासी द्रव्य टोचल्यास ही शक्यता वाढते. तिचे मापन यांत्रिक निर्देशांकाने होते.

== मर्यादा ==
अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सर्वसाधारण तपासणीसाठी तीव्रतेची कमाल मर्यादा प्रति चौरस सेंटिमीटर ७२० मिलिवॅट व यांत्रिक निर्देशांकाची १.९ ठेवली आहे. डोळ्यांसाठी हीच मूल्ये अनुक्रमे ५० व ०.२३ आहेत. गर्भतपासणीची पूर्वीची मर्यादा ९४ मिलिवॅट होती. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ती शिथिल करताना दोन्ही निर्देशांक पडद्यावर दाखवण्याची पद्धत आली. परिणामी सुरक्षिततेची मोठी जबाबदारी यंत्राकडून तपासणाऱ्याकडे गेली.

== सुरक्षित वापर ==
निदानास पुरेल इतकी किमान ऊर्जा किमान वेळ वापरणे, हे मूलतत्त्व आहे. त्यानुसार पुढील काळजी घेतात :
* ऊर्जा कमी ठेवून प्रतिमा अस्पष्ट असल्यास प्रथम ग्राही प्रवर्धन वाढवणे.
* शोधक एकाच जागी विनाकारण स्थिर न ठेवणे.
* गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत डॉप्लरचा सरसकट वापर टाळणे. हृदयस्पंदनांची नोंद एम-पद्धतीने घेणे.
* केवळ स्मरणचित्रासाठी तपासणी न करणे.

== संशोधनाची स्थिती ==
निदानासाठीच्या वापरामुळे मानवी गर्भाला अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. मात्र दीर्घकालीन पाहणीचा बराचसा भाग १९९२ पूर्वीच्या, कमी ऊर्जेच्या यंत्रांवर आधारलेला आहे. त्यामुळे आवश्यक तपासणी भीतीपोटी टाळणे आणि अनावश्यक तपासणी वारंवार करणे, ही दोन्ही टोके अयोग्य ठरतात.