ओव्याच्या दाण्यातलं थायमॉल

चकलीच्या पिठात ओवा तळहातावर चोळून घालतात, त्यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे. दाण्याच्या सालीत तेलाच्या बारीक नलिका असतात. चोळल्यावर त्या फुटतात आणि तो झणझणीत वास मोकळा होतो. तो वास मुख्यतः थायमॉलचा. ओव्याच्या सुगंधी तेलात बहुधा निम्म्याच्या आसपास तेच असतं.

शुद्ध थायमॉलचे पांढरे स्फटिक साधारण ५० अंश सेल्सिअसला वितळतात. पाण्यात जेमतेम विरघळतात, तेलात आणि अल्कोहोलमध्ये सहज. हेच आपलं ओव्याचं फूल.

आता माझा सगळ्यात आवडता भाग! कापूर, मेंथॉल आणि ओव्याचं फूल समभाग घेऊन बाटलीत नुसतं हलवा. आच न देताही तिन्ही घन पदार्थ पातळ होतात, कारण मिश्रणाचा वितळणबिंदू प्रत्येकाच्या स्वतंत्र वितळणबिंदूपेक्षा पुष्कळ खाली येतो. घरोघरी असायची ती अमृतधारा ही अशी बनते.

थायमॉल जिवाणूंच्या आणि बुरशीच्या पेशींचं आवरण खिळखिळं करतं, म्हणून माउथवॉशमध्ये वापरतात. मधमाश्यांना छळणाऱ्या व्हरोआ माइटवरही मधपाळ त्याची वाफ वापरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अंकुशकृमीवर थायमॉल पोटातून देत. पुढे अधिक सुरक्षित औषधं आली.

स्वयंपाकातला ओवा खुशाल खा. पण स्फटिक किंवा शुद्ध तेल थेट त्वचेवर लावू नका, भाजल्यासारखी आग होते. अमृतधारा लहान मुलांपासून दूरच ठेवा. तिच्यातला कापूर पोटात गेला तर त्यांना झटके येऊ शकतात.